फसवून करून घेतलेले गहाणखत टिकते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाणी कोर्टात काम करताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कोण कसे म्हणेल हेही आता ओळखता येते : "साहेब, फसवून सही घेतली. म्हणजे तो कागद आपोआप रद्दच ना?" यातल्या 'आपोआप' या शब्दाने अनेकांची जमीन गेली आहे. फसवणूक खरी असते, पुरावाही असतो, पण माणूस 'आपोआप' वर विसंबून घरी बसतो. म्हणून खालची उत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत. ती भारतातल्या कायद्याची आहेत, आणि जिथे महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे तिथे तसे सांगितले आहे.

फसवणूक झाली असेल तर गहाणखत आपोआप रद्द होते का?

बहुतेक वेळा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १९ सांगते की फसवणुकीने किंवा खोट्या बतावणीने संमती मिळवली असेल तर तो करार फसलेल्या माणसाच्या मर्जीने रद्द करता येण्याजोगा असतो. 'मर्जीने' हे इथे महत्त्वाचे. करार रद्द करायचा की ठेवायचा, हे फसलेल्याने ठरवायचे असते. ठेवायचा असेल तर "जे खोटे सांगितले ते खरे असते तर माझी जी स्थिती असती, त्या स्थितीत मला आणा" असेही तो म्हणू शकतो.

मात्र त्याने काहीतरी केले पाहिजे. तो जोवर हालचाल करत नाही तोवर गहाणखत कायद्याच्या नजरेत जिवंत आहे. सात-बाराच्या इतर हक्कात बोजा राहतो, व्याज चढते, आणि समोरचा वसुलीला लागू शकतो.

मग काही गहाणखते मुळातूनच शून्य असतात असे म्हणतात, ते कसे?

या पानावरचा सगळ्यात मोलाचा फरक हाच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या एका निकालात रेषा आखून दिली. कागद कशाचा आहे, याबद्दलच फसवले असेल तर व्यवहार शून्य. कागद कशाचा आहे हे माहीत होते, पण आतल्या मजकुराबद्दल फसवले असेल तर व्यवहार रद्द करता येण्याजोगा. त्या खटल्यात एका बाईने नवऱ्याच्या नावे दोन जमिनींचे बक्षीसपत्र करायचे कबूल केले होते. नवऱ्याने त्यात तिच्या आणखी दोन जमिनी घुसवल्या. फसवणूक झाली हे कोर्टाला मान्य होते. पण बक्षीसपत्रावर अंगठा देत आहोत हे बाईंना ठाऊक होते, चुकीचा होता तो आतला मजकूर. म्हणून व्यवहार शून्य ठरला नाही, फक्त रद्द करता येण्याजोगा ठरला. आणि रद्द करून मागायची मुदत तोवर उलटून गेली होती. लबाडी कोर्टाने मान्य केली, तरी बाई हरल्या.

हेच गहाणाला लावून पाहा. "हा पीककर्जाचा फॉर्म आहे" किंवा "वारसनोंदीचा अर्ज आहे" असे सांगून अंगठा घेतला आणि निघाले गहाणखत, तर सही करणाऱ्याच्या मनात गहाणाचा विचारच नव्हता. तिथे मन कागदासोबत गेलेलेच नाही, व्यवहार शून्य. पण "दोन लाखांसाठी एक गट गहाण ठेवतोय" असे माहीत असताना आत पाच लाख किंवा दोन गट लिहिले, तर तो कागद रद्द करून घ्यावा लागतो.

मला विचाराल तर ही रेषा अंगठा देणाऱ्या माणसावर कठोर आहे. त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे लूट सारखीच. पण कोर्टात तीच चालते, त्यामुळे पहिल्या भेटीतच पक्षकाराला "तुम्हाला नेमके काय सांगितले होते, शब्दाला शब्द आठवा" असे विचारावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने 'फसवणूक' म्हणजे काय? वाईट सौदा झाला म्हणजे फसवणूक का?

नाही. व्याज जास्त लागले किंवा जमिनीची किंमत कमी धरली म्हणून फसवणूक होत नाही. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये खरे नाही हे माहीत असून एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे, पाळायचा इरादाच नसताना वचन देणे, हे सगळे येते. यातल्या तिसऱ्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते. "तीन महिन्यांत कागद परत फिरवून देतो" हे नुसते वचन मोडले तर करारभंग. पण ते देतानाच पाळायचे नव्हते असे दाखवता आले, तर ती फसवणूक आहे.

मनापासून खरे समजून सांगितलेली पण खोटी निघालेली गोष्ट कलम १८ मध्ये खोटी बतावणी म्हणून येते. तिच्यामुळेही करार रद्द करता येतो. फरक पुराव्यात पडतो आणि नुकसानभरपाईत पडतो.

आणखी एक अट : त्या खोट्यामुळेच तुम्ही सही केली असली पाहिजे. खोटे बोलले गेले, पण तुम्ही त्यावर विश्वास न ठेवता वेगळ्याच कारणाने सही केली असेल, तर उपयोग नाही.

मी कागद न वाचता सही केली. आता माझीच चूक म्हणतील का?

समोरचा वकील हेच म्हणणार, याची तयारी ठेवा. कलम १९ मध्ये एक अपवाद आहे : साधी खबरदारी घेतली असती तर सत्य कळले असते अशी स्थिती असेल, तर करार रद्द करता येत नाही. पण हा अपवाद खोट्या बतावणीला आणि गप्प राहून केलेल्या फसवणुकीला लागतो. तोंडावर, ठरवून, खोटे सांगून केलेल्या फसवणुकीला तो लागत नाही. "तू वाचायला हवे होतेस" असे ठगाने म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

निरक्षर माणूस, पडद्यातली स्त्री, फार वृद्ध किंवा आजारी माणूस यांच्या बाबतीत कोर्टे आणखी पुढे गेली आहेत. कागद वाचून दाखवला, समजावला, स्वतंत्र सल्ला घेता आला, हे सिद्ध करण्याचा भार कागदाचा फायदा घेणाऱ्यावर येतो. वकील, मुखत्यार, घरातला कर्ता अशा विश्वासाच्या माणसाने स्वतःच्या फायद्याचा दस्त करून घेतला असेल तरीही तसेच. शिकलेल्या, धंदा करणाऱ्या माणसाला मात्र ही सवलत मिळेल अशी आशा धरू नका.

मुलाने आईला फसवून सही घेतली. बँकेला यातले काही माहीत नव्हते. तरी गहाण रद्द होईल का?

हा सगळ्यात दुखरा प्रश्न आहे, आणि उत्तर ऐकून माणसे रागावतात. करार कायद्याच्या व्याख्येप्रमाणे फसवणूक करारातल्या पक्षाने, त्याच्या संगनमताने किंवा त्याच्या एजंटने केलेली असावी लागते. गहाणखत आई आणि बँक यांच्यातले आहे. मुलगा बाहेरचा. बँक अनभिज्ञ असेल आणि आईला गहाणखत आहे हे ठाऊक असेल, तर मुलाचे खोटे बँकेच्या माथी मारता येत नाही. आईचा दावा मुलावर, बँकेवर नाही.

पण बँक खरोखर अनभिज्ञ होती का, हे तपासायला हवे. बँकेच्या माणसानेच "फक्त औपचारिकता आहे, आजी" असे म्हटले का? बँकेने कागद भरून आणायला मुलालाच दिले, म्हणजे सह्या गोळा करण्याचे आपले काम त्याच्यावर सोपवले का? आईला कर्जाचा एक पैसा मिळणार नव्हता आणि तरी तिचे राहते घर तारण घेताना कोणी तिच्याशी एकटीशी बोलले का? एजंट आपल्या कामाच्या ओघात खोटे बोलला तर ते मालकाला चिकटते, हे कलम २३८ सांगते. अशा दाव्यांचा निकाल पुष्कळदा या दोन-तीन प्रश्नांच्या उत्तरांवर फिरतो.

आणि आईला कागद कशाचा आहे हेच माहीत नव्हते असे सिद्ध झाले, तर व्यवहार शून्य. मग बँकेच्या चांगुलपणाने तो जिवंत होत नाही.

सही माझी नाहीच. कोणीतरी माझ्या नावाने उभा राहिला.

मग तुमच्यापुरते गहाण जन्मलेलेच नाही. बनावट सहीने, तोतया माणसाने किंवा खोट्या कुलमुखत्यारपत्राने केलेल्या दस्तातून कोणालाही हक्क मिळत नाही. घेणारा कितीही प्रामाणिक असो आणि दस्त नोंदणीकृत असो. नोंदणी म्हणजे दस्त खरा असल्याचा दाखला नव्हे. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही.

दाव्यात मागणी कशी करायची हे इथे बदलते. ज्याने सही केली आहे त्याने दस्त रद्द करून मागावा. ज्याची सहीच नाही त्याने "हा दस्त माझ्यावर बंधनकारक नाही" असे जाहीर करून मागावे. कोर्ट फीही त्याप्रमाणे बदलते. चुकीची मागणी घालून वर्ष-दोन वर्षे वाया गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

सावकाराने "फक्त तारण म्हणून" सांगून खरेदीखत करून घेतले. हे गहाण धरता येईल का?

ग्रामीण महाराष्ट्रात सर्वाधिक नुकसान या एका प्रकाराने झाले आहे. उत्तर लांब आहे.

आधी सावकार असे का करतो ते पाहू. गहाण असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे कर्जदाराला पैसे भरून जमीन सोडवून घेण्याचा हक्क असतो, आणि मुदत कायद्याने त्या दाव्याला ३० वर्षे दिली आहेत. गहाणखतातच "अमुक तारखेपर्यंत पैसे दिले नाहीत तर हा हक्क गेला" असे लिहिले तरी ते चालत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण. खरेदीखत असेल तर यातले काहीच नाही. जमीन त्याची झाली. म्हणून तोंडाने 'तारण' आणि कागदावर 'कायम खरेदी'. हे खोटे फार विचार करून बोललेले असते.

कधी तो वेगळ्या स्टॅम्पवर परत विक्रीचा करारही लिहून देतो, म्हणजे माणूस निर्धास्त होतो. पण १९२९ च्या दुरुस्तीने त्याच कायद्याच्या कलम ५८(सी) ला एक परंतुक, म्हणजे जादा अट, जोडले गेले : परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार मुदतखरेदीचे गहाण समजला जाणार नाही. अट दुसऱ्या कागदावर गेली की या मार्गाने गहाण म्हणणे संपले. सावकाराच्या लेखनिकाला हे परंतुक पाठ असते, शेतकऱ्याला नसते.

मग वाट काय? एक वाट पुराव्याच्या कायद्यातून जाते. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही हा सर्वसाधारण नियम, पण फसवणूक दाखवण्यासाठी तो चालतो. दस्त नुसता दिखाऊ होता, तो अमलात आणायचा दोघांचाही इरादा नव्हता, खरा व्यवहार कर्जाचा होता, हे दाखवायलाही तोंडी पुरावा चालतो असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. कबजा कोणाकडे राहिला, पीक कोण घेत होते, शेतसारा कोणी भरला, किमतीत आणि बाजारभावात किती अंतर होते, दर महिन्याला 'व्याज' म्हणून पैसे गेल्याच्या खुणा आहेत का, या सगळ्याला इथे किंमत येते.

दुसरी वाट महाराष्ट्राची स्वतःची आहे आणि बरीच जवळची. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत कर्जाला तारण म्हणून दिलेली स्थावर मिळकत सावकाराच्या ताब्यात खरेदी, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही दस्ताने गेली असेल, तर चौकशी करून ते हस्तांतरण अवैध ठरवण्याचा आणि जमीन परत देववण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. खरेदीखत नोंदणीकृत आहे म्हणून त्याचे हात बांधले जात नाहीत. समोरचा सावकारीचा धंदा करतो हे मात्र दाखवावे लागते. त्याने गावात इतरांकडून अशीच खरेदीखते घेतली असतील तर त्यांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले दस्तांचे उतारे, काढून आणा. एकाच नावावर ओळीने आठ-दहा खरेद्या आणि प्रत्येक वेळी कबजा मूळ मालकाकडे, हे चित्र स्वतःच बोलते.

मेहुण्याकडून हातउसने घेतले असतील तर हा कायदा लागत नाही. तिथे पहिलीच वाट.

उलट बाजू : कर्जदारानेच बँकेला फसवले असेल तर?

खोटी पगारपत्रके किंवा फुगवलेले मूल्यांकन दाखवून कर्ज काढले, तर व्यवहार रद्द करायचा की नाही हे बँकेच्या हातात. बँक सहसा गहाण रद्द करत नाही, ते ठेवून सगळे कर्ज एकदम मागते. "मीच खोटे बोललो होतो, म्हणून गहाण अवैध" असे कर्जदाराला म्हणता येत नाही.

मिळकत त्याची नव्हतीच, तर मात्र बँकेचे तारण पोकळ निघते. कर्जदार वैयक्तिकरीत्या देणे लागतो, पण जमिनीवर बँकेचा हात पडत नाही, कारण खऱ्या मालकाचा काही दोष नाही. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. वडील हयात असताना मुलाने "मीच मालक" म्हणून गहाण दिले आणि पुढे वारशाने किंवा मृत्युपत्राने ती जमीन त्याच्याकडे आली, तर बँकेला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ते गहाण आता लागू धरता येते. खोटे पुढे खरे झाले की खोटे बोलणारा त्यातून निसटू शकत नाही.

एकच मिळकत दोन बँकांना तारण देण्याचा प्रकार मूळ कागद ठेवून केलेल्या गहाणात फार होई, कारण त्याला नोंदणी लागत नसे. महाराष्ट्रात आता अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदवावी लागते आणि ती शोध अहवालात दिसते. दोन गहाणांत साधारणपणे आधीचे वरचढ. पण आधीच्या गहाणदाराच्याच फसवणुकीमुळे, खोट्या बतावणीमुळे किंवा घोर निष्काळजीपणामुळे दुसऱ्याने पैसे दिले असतील, तर त्याच कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे आधीचा मागे जातो. बँकेने मूळ खरेदीखत कर्जदाराला "झेरॉक्सला" म्हणून परत दिले आणि त्याने ते दुसरीकडे ठेवले, तर पहिल्या बँकेला हे कलम जड जाऊ शकते.

जामीनदाराला फसवून सही घेतली असेल तर?

धनकोने स्वतः, किंवा त्याला माहीत असताना आणि त्याच्या संमतीने, महत्त्वाच्या बाबीत खोटे सांगून जामीन मिळवला असेल तर तो अवैध (करार कायदा, कलम १४२). महत्त्वाची गोष्ट गप्प राहून लपवली असेल तरी तेच (कलम १४३). कर्जदाराने एकट्याने फसवले असेल तर जामीनदार सुटत नाही.

गहाण देणारा अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेला होता, पण त्याने वय खोटे सांगितले होते.

गहाण शून्य. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात हे ठरवले, आणि तो खटला गहाणखताचाच होता. कलकत्त्यातल्या अज्ञान मुलाने २०,००० रुपयांसाठी मिळकत गहाण दिली होती. सावकाराच्या माणसाला त्याचे वय ठाऊक होते, त्यामुळे "मला फसवले" हे सावकाराचे म्हणणे टिकले नाही. आजच्या कायद्यात फरक इतकाच की अज्ञानाला त्या पैशांचा खरोखर लाभ झाला असेल, तर तेवढ्यापुरता तो परत करायला कोर्ट सांगू शकते.

किती दिवसांत कोर्टात जायला हवे?

तीन वर्षे. मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ५९. ही तीन वर्षे सहीच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या गोष्टींमुळे दस्त रद्द मागता येतो त्या तुम्हाला प्रथम कळल्या, त्या दिवसापासून मोजतात. त्याच मुदत कायद्याचे कलम १७ ही तेच सांगते, पण त्यात 'वाजवी खबरदारी घेतली असती तर ज्या दिवशी कळले असते' हेही आहे.

इथेच दावे बुडतात. तुम्ही म्हणता, मला २०२४ मध्ये कळले. समोरचा तलाठ्याची फेरफाराची नोटीस काढतो, २०१९ ची, तुमच्या पोचसहीची. किंवा तुमच्याच हाताने पीककर्जाला जोडलेला सात-बारा, ज्यात त्या गहाणाचा बोजा छापलेला आहे. झाले. म्हणून 'केव्हा कळले' ही तारीख दाव्यात लिहिण्याआधी घरातले सगळे कागद काढून बघा.

मुळात शून्य असलेला दस्त रद्द करून घ्यावाच लागतो असे नाही, हे खरे. पण माझा दस्त शून्यच आहे असे स्वतः ठरवून चौथ्या वर्षापर्यंत थांबणे म्हणजे १९६८ च्या त्या बाईंच्याच वाटेने जाणे.

गहाण रद्द झाले तर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात का?

मिळाले असतील तर हो. करार रद्द करणाऱ्याने त्यातून मिळालेला लाभ परत करायचा असतो, आणि दस्त रद्द करताना कोर्ट तशी अट घालू शकते. तुम्हाला सांगितले दोन लाख, हातात आले दोन लाख, कागदावर पाच लाख, तर दोन लाख वाजवी व्याजासह द्यायची तयारी दाव्यातच लिहा. त्याने कोर्टाचा विश्वास बसतो. तोतयाने परस्पर गहाण दिले आणि पैसे त्यानेच नेले, तर तुम्ही कोणालाही काही देणे लागत नाही.

बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. दिवाणी दावा लावू की डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊ?

बँकेला कोर्टात न जाता तारणावर वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) ची नोटीस असेल तर पहिले काम लेखी हरकत. फसवणुकीचा तपशील त्यातच घाला. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. पुढे बँकेने ताबा घेण्यासारखे पाऊल उचलले की त्या तारखेपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली डीआरटीत अर्ज करता येतो. कर्जदारच हवा असे नाही, ज्याला झळ पोचली तो कोणीही.

कलम ३४ दिवाणी कोर्टाला अडवते. पण बँकेची कृतीच फसवणुकीची आहे असा आरोप असेल तर मर्यादित प्रमाणात दिवाणी कोर्ट खुले राहते, हे मार्डिया केमिकल्सच्या २००४ च्या निकालात आले. आणि २०२५ च्या जानेवारीत सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जमिनीची मालकी आणि त्यावरचे खरेदीखत-गहाणखत वैध आहे की नाही हे ठरवणे डीआरटीचे काम नाही, ते दिवाणी कोर्टाचे. तिथे दाद मागणारी बाई कर्जदार नव्हती, हे ध्यानात घ्या. स्वतः कर्ज घेतलेल्याने नुसता 'फसवणूक' शब्द घालून दिवाणी कोर्टात धाव घेतली तर दावा दारातच परत येतो, आणि तोवर डीआरटीचे ४५ दिवस गेलेले असतात.

शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागत नाही. नोटिशीतला गट शेतीचा असेल तर पहिली हरकत हीच घ्या.

पोलिसांत गुन्हा दाखल केला की गहाण थांबेल का?

थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, बनावट दस्ताला कलम ३३६ आणि पुढची. गुन्हा जरूर दाखल करा, हस्ताक्षर-अंगठ्याची तपासणी त्यातून होते. पण पोलिसांना दस्त रद्द करता येत नाही, आणि तुमच्या अर्जावरून दुय्यम निबंधकालाही नाही. ते कोर्टच करते.

फसवणूक सिद्ध कशी करायची?

आधी लिहायची कशी ते. "प्रतिवादीने फसवणूक करून दस्त करून घेतला" एवढ्या वाक्यावर काही होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६, नियम ४ तपशील मागतो : कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय म्हणाला, ते खोटे कसे, आणि त्यावरून तुम्ही काय केले. दाव्यात नसलेले पुढे साक्षीत सांगितले तर ते बनवलेले वाटते.

मग दस्त हातात घेऊन बघायचा. झेरॉक्स नको, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढा. एका मावशींनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलेली प्रत मला अजून आठवते. अकरा पाने. प्रत्येक पानाच्या तळाशी डाव्या अंगठ्याचा उभा, भरलेला ठसा. फक्त सातव्या पानावरचा ठसा आडवा, अर्धा, समासात सरकलेला. त्या पानावरची अक्षरेही इतर पानांपेक्षा बारीक, आणि आठव्याच्या वरची ओळ सातव्याच्या शेवटच्या ओळीला जुळत नव्हती. मिळकतीचे वर्णन नेमके त्याच पानावर होते. एका गटाऐवजी दोन. मावशी म्हणाल्या, "एक पान खराब झालं म्हणून चहाच्या टपरीवर परत अंगठा घेतला होता." त्या फेरफाराची नोटीस आल्यावर आठ महिन्यांत आल्या होत्या. दस्त गहाणाचा आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे शून्य म्हणता येत नव्हते. पण मुदत शाबूत होती. दस्ताचा काही भागच रद्द करण्याची सोय विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३२ मध्ये आहे. कोर्टाने दुसऱ्या गटापुरते गहाण रद्द केले आणि पहिला गट कर्जाला तारण राहिला. तो त्यांनी फेडून सोडवला.

दस्त बघताना साक्षीदारांचे पान सोडू नका. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे गहाण, मूळ कागद ठेवून केलेले वगळता, नोंदणीकृत आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५९). दुय्यम निबंधकासमोर ओळख पटवायला जे दोघे उभे राहतात ते ओळखदार, त्यांना साक्षांकन करणारे साक्षीदार मानता येतेच असे नाही. दस्तात खरे साक्षांकन नसेल तर गहाण म्हणून तो उभा राहत नाही, आणि फसवणूक सिद्ध करण्यापेक्षा हा मुद्दा कितीतरी सोपा आहे. मात्र कैफियतीत दस्त केल्याचे नेमक्या शब्दांत नाकारा. मोघम नाकारलेत तर समोरच्याला साक्षीदार बोलावण्याची गरजच उरत नाही.

दावा चालू असताना जमीन पुढे कोणाला विकली तर?

मनाई हुकूम पहिल्याच तारखेला मागा. आणि दावा लावल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला जुनी दुरुस्ती आहे, तिच्याप्रमाणे ही नोंद केल्यावरच पुढचा खरेदीदार दाव्याच्या निकालाने बांधला जातो. रद्द करता येण्याजोगा दस्त रद्द होण्याआधी कोणी प्रामाणिकपणे, मोल देऊन, काही माहिती नसताना त्या मिळकतीत हक्क घेतला, तर कोर्ट तुम्हाला रद्दबातलचा हुकूम नाकारू शकते. नोटीस नोंदवली की "मला माहीत नव्हते" हे त्याला म्हणता येत नाही. दाव्याचा नंबर पडला त्याच दिवशी हे काम उरका. पक्षकाराला कोर्टातून थेट निबंधक कार्यालयात घेऊन जाण्याची सवय मी त्यासाठीच लावून घेतली आहे.